नवं घर, जुन्या भिंती: अंजर्ल्याजवळच्या एका तपासणीच्या नोंदी

१२ एप्रिल २०२४

कोकणातल्या अंजर्ल्याच्या अलीकडच्या वाडीतलं घर. मालक डोंबिवलीला, इथे त्यांची आई एकटी. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, छप्पर गेलं. पुढचे पावसाळे ताडपत्री आणि पत्र्यांवर काढले, आणि गेल्या दिवाळीनंतर बांधकामाला हात घातला. पुढचा भाग पाडून नवा केलाय: चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, पुढे पडवी. मागचं माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या भिंती जुन्याच, त्यांच्यावर नवं लोखंडी छप्पर. १० मेला अक्षय्य तृतीया, त्याच दिवशी वास्तुशांत. शेवटचा हप्ता त्याआधी द्यायचा ठरलाय.

मालक फोनवर म्हणाले, "घर नवीनच आहे हो, काही निघायचं नाही. एकदा नजर टाकून जा, म्हणजे आईच्या मनाला बरं." नजर टाकायचे मी पैसे घेत नाही आणि नुसती नजर टाकून अहवालही देत नाही, असं सांगितलं. थोडा वेळ शांतता, मग "बरं, या."

कागद मागवले. नकाशा आहे. करार म्हणजे चौरस फुटाच्या दराचं एक पान आणि त्यावर दोघांच्या सह्या. सळईची बिलं आहेत. स्लॅब ओतायच्या आधीचे सळईजाळीचे फोटो आहेत का विचारलं तर स्लॅब ओतताना फोडलेल्या नारळाचे आले.

त्यांचा आणखी एक प्रश्न: "रेरामध्ये पाच वर्षांची हमी असते ना?" असते, कलम १४ मध्ये. ताब्यापासून पाच वर्षांत दोष निघाला तर विकासकाने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण तो कायदा विकासकाने बांधून विकलेल्या घराचा. आपल्याच जागेत कंत्राट देऊन बांधलेल्या घराला तो लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यात घरबांधणी ही सेवा धरलीय. पण तिथे जायचं तर दोष काय, कुठे, किती, हे आधी कुणीतरी मोजून लिहिलेलं लागतं. एक पानी करारात दोष-दायित्वाचा काळ नाही, राखून ठेवायच्या रकमेचा उल्लेख नाही. अजून हातात आहे तो फक्त शेवटचा हप्ता.

१५ एप्रिल

पहिली भेट. कंत्राटदार आणि मेस्त्री आधीच येऊन बसलेले, आजींनी चहा दिलेला. कंत्राटदार तालुक्यातलेच, तिशीतले, कामाला नीट. पहिलंच वाक्य: "साहेब, जुन्या घराला बघतात. नव्याला काय बघायचं?"

मी नेहमी बाहेरून सुरू करतो. ओळंबा लावला, भिंती सरळ. चिऱ्यांमधल्या फटी भरलेल्या, उभे सांधे वरच्या थरात एकावर एक आलेले नाहीत, कोपरे बांधीव. चिऱ्याचं काम खरंच चांगलं आहे आणि ते त्यांच्यासमोर लिहिलं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो. पण घट्ट झाला तरी पाणी पितोच, म्हणून बाहेरच्या भिंतीवर पाणी कसं उतरतं ते बघायचं. छज्ज्यांच्या खालच्या कडेला खाच नाही. पाणी छज्ज्याच्या पोटाखालून मागे सरकत थेट खिडकीच्या चौकटीवर येणार. ग्राइंडरने अर्ध्या दिवसाचं काम.

परसदारी जमिनीचा उतार जोत्याकडे आहे. बांधकामाचा भराव सपाट करताना झालं असावं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा हे आधी.

१६ एप्रिल

पुढचा भाग. स्लॅब आणि पडवीच्या बीमवर रिबाउंड हॅमर मारला, काँक्रीट किती घट्ट ते उसळीवरून सांगणारा हातोडा. आकडे बरे आणि सगळीकडे साधारण सारखे. हॅमरवरून काँक्रीटची ताकद काढली तर अंदाज पंचवीस टक्क्यांनी इकडेतिकडे जाऊ शकतो. मी तो कुठला भाग बाकीच्यापेक्षा वेगळा आहे हे शोधायलाच वापरतो.

सळई किती आत आहे ते मोजणाऱ्या कव्हर मीटरने मात्र बोलायला लावलं. पडवीच्या बीमच्या खालच्या अंगाला सळईवर काँक्रीट आहे २० ते २५ मिलिमीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर थर, म्हणजे कव्हर, आणि किमान एम-३० दर्जा लागतो (आकडा मोठा तितकं काँक्रीट ताकदीचं). कोटेशनमध्ये एम-२० लिहिलंय, आणि एम-२० च ओतलंय. म्हणजे फसवणूक नाही. पुण्याला चालणारं घर अंजर्ल्याला बांधलंय. समुद्र इथून अर्धा किलोमीटर, मध्ये फक्त माडांची बाग.

मेस्त्री म्हणाले, "पडेल काय बीम?" नाही पडणार. खारी हवा आत पोचली की सळई गंजायला लागते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि खालून ढपल्या सुटतात. चाळीस-पन्नास वर्षं जायला हवं ते पंधरा-वीस वर्षांत दुरुस्तीला येईल. आतल्या खोल्यांमधले बीम गिलाव्याखाली आणि आडोशाला आहेत, त्यांची मला एवढी काळजी नाही. पडवीला गंजरोधक संरक्षक लेप सुचवणार.

पाणी कुठलं वापरलं? परसातल्या विहिरीचं. एक घोट घेऊन बघितला, मचूळ. आजी म्हणाल्या, "चैत्र-वैशाखात होतं तसं, दिवाळीला गोड असतं." सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. आजचा नमुना घेतला. पण स्लॅब डिसेंबरात पडलाय, आजच्या पाण्यावरून डिसेंबरच्या पाण्याचा निवाडा करता येणार नाही. म्हणून काँक्रीटमध्येच बारीक भोकं पाडून भुकटी घेतली. दोन्ही नमुने प्रयोगशाळेला.

१८ एप्रिल

आज मागचं छप्पर. दिवस इथेच गेला.

माजघराच्या भिंती आजींच्या सासऱ्यांच्या वेळच्या, चिरा आणि मातीचा गारा. दीड हात जाड, पायात ठाम. त्यांच्यावर पाइपच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि कौलासारखे दिसणारे पत्रे. कैच्या छान जोडल्यात, वेल्डिंग भरीव, दोन हात रेड ऑक्साइड. शिडी लावून वर चढलो. प्रत्येक कैचीच्या पायाला लोखंडी पाटी आणि पाटीतून चार फास्टनर, म्हणजे भोकात ठोकून नटाने आवळायचे बोल्ट, थेट सगळ्यात वरच्या चिऱ्यात ठोकलेले. पश्चिमेकडच्या दुसऱ्या पाटीवर पान्हा ठेवला. नट घट्ट होईना, फास्टनरच चिऱ्यातल्या भोकात गोल फिरू लागला. दोन बोटांनी ओढला तर लाल भुकटीसकट वर आला. मग एकेक सगळे तपासले. अर्ध्याहून जास्त फिरतात. आणि जे फिरत नाहीत त्यांनी तरी काय धरलंय? वरचा एक चिरा, जो खालच्यावर नुसता मातीत बसलाय.

२०२० मध्ये इथली छपरं कशी गेली ते तालुक्यात सगळ्यांनी पाहिलंय, तरी आपण अजून छपराचा विचार वरून येणाऱ्या वजनाचाच करतो. वादळात वारं वळचणीखालून शिरतं, छपराच्या पाठीवरून जाताना ओढ लावतं, आणि छप्पर वर उचललं जातं. जुनी मंगळुरी कौलं आपल्या वजनाने थोडी तरी बसून राहायची आणि काही उडाली की आतली हवा मोकळी व्हायची. पत्र्याला वजन नाही आणि तो अखंड. अशा छपराला खाली बांधून ठेवणं हेच खरं काम.

वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ मध्ये सुधारला तेव्हा वादळी किनाऱ्यासाठी वाढीव गुणक आला. पण तो पूर्व किनारा आणि गुजरात डोळ्यापुढे ठेवून. कोकणाला तो सक्तीचा नाही. निसर्ग, आणि लगेच पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, हे पाहिलेल्या माणसाने तो आपणहून धरावा असं माझं मत आहे, आणि मी हिशेबात धरतो.

संध्याकाळी वेल्डरला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "मला भिंत तयार म्हणून दिली, मी कैच्या बसवल्या." मेस्त्री म्हणाले, "जुन्या भिंतीला हात लावायचा नाही असं ठरलेलं, मी लावला नाही." कंत्राटदार म्हणाले, "भिंतीवर काँक्रीटचा सलग पट्टा कोटेशनमध्ये नव्हता." तिघंही खरं बोलतायत. या घरात मला आतापर्यंत सापडलेलं बहुतेक सगळं असंच आहे: ज्याचं त्याचं काम ठीक, आणि दोन कामांच्या मधली जागा कुणाचीच नाही. पूर्ण नव्या घरातही हे होतं, पण अर्धं जुनं ठेवून बांधलेल्या घरात अशा जागा दुप्पट. आणि गिलावा-रंग झाला की त्या दिसतही नाहीत.

१९ एप्रिल

वीज. पुढच्या भागात सगळं ठीक, अर्थिंगचा खड्डा आहे, मोजमाप चांगलं आलं. वायरमनने अभिमानाने आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून दाखवलं, खटकन बंद झालं. मग मी टेस्टर घेऊन स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावला. अर्थ नाही.

माजघराच्या कोपऱ्यात जंक्शन बॉक्स उघडला. पुढून आलेल्या तीन वायरी, मागे जाणाऱ्या जुन्या दोन. हिरवी वायर तिथेच टेप गुंडाळून संपवलेली. मागच्या भागाला नवे स्विच, नवे बोर्ड, भिंतीतली वायर जुनीच. टेस्ट बटण आरसीसीबीच्या आतल्याच एका रोधातून करंट वळवतं, त्याला अर्थिंगची गरज नसते; म्हणून अर्थ नसलेल्या घरातही ते खुशाल चालतं. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तर अर्थिंग असेल तेव्हा आरसीसीबी लगेच पडतो. अर्थिंग नसेल तर तो कुणीतरी फ्रिजला हात लावायची वाट बघतो. आजी स्वयंपाकघरात अनवाणी वावरतात.

हे अहवालाची वाट न बघता तिथेच सांगितलं. मागचा भाग मेन बोर्डवरून बंद केला, फ्रिज ओटीवर हलवला. आजी माझ्यावर नाराज.

२२ एप्रिल

न्हाणीघराची जाळी बंद करून पाणी भरून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला ओल नाही. टाइल्स नाण्याने वाजवल्या, दोन-तीन पोकळ, सोडून दिल्या.

शोषखड्डा, म्हणजे संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा. आपल्या विहिरीपासून चांगला लांब घेतलाय, नकाशाप्रमाणे. पण गडग्यापलीकडे शेजाऱ्यांची विहीर आहे. टेप टाकली, ११ मीटर. मानकात पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर आहे, आणि जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत मी त्याहून जास्तच मागेन. नकाशावर शेजाऱ्यांची विहीर नाही, कारण नकाशा आपल्या गटापुरता. परवानगी देणाऱ्याने नकाशा बघितला, बांधणाऱ्याने नकाशाप्रमाणे बांधलं. मंजुरी मिळाली म्हणजे तपासणी झाली असं समजणाऱ्यांना मी यापुढे हीच विहीर दाखवणार आहे.

टाकी राहू दे, शोषखड्डा तेवढा पूर्वेला हलवायचा. शेजारच्या काकूंना आजींनी स्वतः जाऊन सांगितलं.

२६ एप्रिल

अहवाल दिला. प्रत्येक मुद्द्याला फोटो, जागा, मोजलेला आकडा, कशाशी तुलना केली ते, आणि काय करायचं. तीन रंग. लाल: ताबडतोब (अर्थिंग, छपराचं बांधणं). पिवळा: पावसाआधी (शोषखड्डा, परसातला उतार, छज्ज्यांच्या खाचा, स्लॅब आणि जुनी भिंत यांच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी). हिरवा: सवडीने.

कंत्राटदारांचा रात्री फोन. "तुम्ही माझं नाव गावात खराब केलंत." अहवालात कुणाचंच नाव नाही, फक्त जागा आहेत, हे वाचून दाखवलं. चिऱ्याच्या कामाबद्दल लिहिलेला परिच्छेदही वाचला. तरी राग होताच, आणि मला तो समजतो. तयार कामावर बोट ठेवायला आलेला माणूस कुणाला आवडेल? सळई बांधून झाल्यावर, स्लॅब ओतण्याआधी एक फेरी झाली असती तर कव्हरसाठी नुसते जाड ठोकळे ठेवून भागलं असतं. तेव्हा कुणी बोलावलं नाही. बोलावत नाहीतच. तपासणी म्हटली की लोकांना शेवट आठवतो.

२९ एप्रिल

मालक आले. ओटीवर बैठक. पट्ट्याचा खर्च निम्मा-निम्मा, वायरिंग आणि खाचा कंत्राटदारांकडे, शोषखड्डा मालकाकडे. शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायची. हे सगळं लिहून सह्या. या वेळी पान एक नाही, तीन.

२ मे

प्रयोगशाळेचा निकाल. एप्रिलचं विहिरीचं पाणी मर्यादेच्या वर. काँक्रीटमधलं क्लोराइड मात्र घनमीटरला ०.६ किलोच्या मर्यादेत. स्लॅब वाचला. आजींचं दिवाळीचं गोड पाणी खरं निघालं. पट्ट्यासाठी या विहिरीचं पाणी वापरायचं नाही, टँकर.

४ मे

माजघराच्या कैच्या जॅकवर बोटभर उचलल्या, तीन-तीन करून. वरचा सैल थर काढला. पाच-पाच फुटांवर भिंतीत वरून उभी भोकं, चार थर खोल, त्यात सळई सोडून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण. मग चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात सळई वळवून घेतलेली, आणि कैचीच्या प्रत्येक पायाखाली पट्ट्यातच रोवलेले बोल्ट. ओतण्याआधी मी आणि मेस्त्री दोघांनी कव्हरचे ठोकळे मोजले. मेस्त्रींनी स्वतःहून फोटो काढले.

आजींना विचारलं, छप्पर जॅकवर असताना वास्तुशांत चालेल ना? "देव पुढल्या खोलीत बसायचेत. छप्पर बघून पळून नाही जायचे ते."

१० मे

वास्तुशांत. काम बंद. पट्ट्यावर ओली पोती टाकायला मेस्त्री तेवढे आले, जेवूनच गेले. आमरस.

२१ मे

बोल्ट आवळले. एकही फिरत नाही. मागच्या भागाची वायरिंग पूर्ण नवी, प्रत्येक सॉकेट तपासला, फ्रिज परत आत. शोषखड्डा नव्या जागी. परसातला उतार बाहेरच्या पन्हळीकडे वळवला. पत्र्याची पट्टी बसवायची राहिली, कंत्राटदारांकडे माणूस नाही. मे महिन्यात कोकणात कुणाकडेच नसतो.

११ जून

पाऊस लागला. आजींनी शेजारच्या मुलाकडून व्हिडिओ पाठवला: स्लॅब आणि माजघराच्या भिंतीच्या सांध्यातून ओघळ. पट्टी बसलेली नव्हती तिथेच. छज्ज्यांखाली मात्र पाणी खाचेवरून सरळ खाली पडतंय, चौकटी कोरड्या. दोन दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा पट्टी चढवून सीलंट भरलं.

२८ जुलै

जोराचे पाऊस झाल्यावरची फेरी. ओल मोजायचं यंत्र भिंतीभर फिरवलं. पट्टीखालची भिंत वाळतेय. जोत्याला परसाकडून ओल नाही. उत्तरेच्या भिंतीवर रंगाखाली थोडा लोणा, म्हणजे पांढरा क्षार, आलाय. घाईने ओल्या भिंतीवर रंग दिला की येतो. आता खरवडायचा नाही, दिवाळीनंतर कोरडा झाला की ब्रशने झाडून पुन्हा रंग.

पडवीच्या बीमला लेप लावायचा की नाही यावर मालकांचं उत्तर आलं: या वर्षी नको, पैसे संपले. कंत्राटदारांचं म्हणणं कायम आहे की कोटेशनप्रमाणे बीम झाला, लेपाशी त्यांचा संबंध नाही. कागदावर ते बरोबर आहेत. अहवालाला जोडपत्र लावलं: बीम उघडा आहे, दर दोन वर्षांनी खालच्या अंगाच्या चिरा बघाव्यात, पहिली चीर दिसली की थांबू नये. मालकांची सही घेतली. राखून ठेवलेली रक्कम उत्तरेच्या भिंतीचा रंग झाल्यावर सोडायची.

शेजारच्या काकूंच्या मुलाचं घर गणपतीनंतर पायापासून सुरू होतंय. त्यांनी नकाशा पाठवलाय. त्यात आजींची विहीर दाखवलेली नाही. ती दाखवून नकाशा परत पाठवा असं कळवलं, आणि सळई बांधायला घ्यायच्या आठवडाभर आधी फोन करा असंही.